सात सेकंदांचा घोडेस्वार

मराठी माणसाला जपानी सोपी जाते, असं मी सेंदाईत आल्यापासून भेटेल त्याला ऐकवत असे. वाक्याची ठेवण आपल्यासारखी, क्रियापद शेवटी. आपण ‘करून बघतो’, तेही करून बघतात. आपण ‘खाऊन टाकतो’, तेही जवळपास तसंच खाऊन टाकतात. आणि शब्द तर असे की घरीच बसल्यासारखं वाटावं: असा म्हणजे सकाळ, अशी म्हणजे पाय, कसा म्हणजे छत्री. उमा म्हणजे घोडा, हे कळल्यापासून हरतालिकेच्या पूजेत माझं लक्ष लागेनासं झालं. काकी म्हणजे एक फळ, आणि जरा वेगळ्या हेलात म्हटलं तर समुद्रातलं कालव. हिवाळा आला की लॅबमधले लोक एकमेकांना काकी खायला बोलावत आणि मी एकटीच हसत बसे.

पुस्तक उघडून भाषा शिकायचा मला मनापासून कंटाळा. लिपी तर मी पहिल्याच महिन्यात सोडून दिली. पण कान तिखट आहेत माझे. बसमध्ये, बाजारात, कचरा वेगळा करताना शेजारीण रागावे तेव्हा, जे कानावर पडे ते मी उचलत गेले आणि अर्थ माझे मीच लावत गेले. माझा सगळ्यात लाडका शोध म्हणजे ‘निगेरु’ हा शब्द. मोठ्या भूकंपाला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती आणि आमच्या इमारतीत अधूनमधून कवायत होई. भोंगा वाजे, स्पीकरवरून एक बाई ‘निगेते कुदासाई’ म्हणे, आणि सगळे डोक्यावर हेल्मेट चढवून जिन्याने खाली निघत. ‘कुदासाई’ म्हणजे कृपया, एवढं मला येत होतं. म्हणजे झालं ना सरळ: कृपया निघा! निगे काय नि निघे काय. बिचाऱ्यांना ‘घ’ म्हणता येत नाही, एवढाच काय तो फरक.

त्या दिवसापासून मी हा शब्द सढळ हाताने वापरायला लागले. संध्याकाळी लवकर घरी जायचं असलं की प्रोफेसरांना म्हणायची, “सेन्सेई, आज मी जरा लवकर निगेमास.” ते डोळे बारीक करून हसत आणि “दोझो, दोझो” म्हणत, म्हणजे खुशाल जा. मला वाटे, काय मोकळ्या स्वभावाचा माणूस! शेजारणीकडे चहा पिऊन उठतानाही मी ‘निगेमास’ म्हणायची आणि तीसुद्धा तोंडावर हात धरून हसायची. जपानी माणसं हसत नाहीत असं कोण म्हणतं, हेच मला कळत नसे.

आमच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर पीएचडी करणारा एक कझाक होता. माझा नवरा त्याला ‘सरदार’ म्हणे. नवरा तेव्हा तोक्योच्या कोतो भागात एका कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर होता, शनिवार-रविवारी शिनकानसेन या वेगवान गाडीने सेंदाईला येई आणि येताना कोतोतल्या भारतीय दुकानातून तूरडाळ घेऊन येई. सरदार हे नाव त्याने खांदे बघून ठेवलं होतं. खांदे खरंच दाराएवढे होते. घोड्यावर लहानपण गेलेल्या या माणसाला सायकल मात्र येत नव्हती. सेंदाईत सायकलशिवाय पान हलत नाही, म्हणून त्याने शिकायचं मनावर घेतलं, पण थांबायचं असलं की तो ब्रेक दाबायच्या ऐवजी हँडल दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढायचा. विद्यापीठाच्या फाटकाशेजारचं कुंपण त्यामुळे दोनदा वाकलं.

आमची गट्टी जमली ती पूर्वजांवरून. त्याच्या भाषेत शत्रूला ‘दुश्पान’ म्हणतात हे ऐकून मी टाळीच दिली. मैदान, कलम, खबर, सगळं आमच्या दोघांच्या घरी होतं. मग जेवणाच्या सुट्टीत युद्धं सुरू झाली. तो सांगे, पूर्वेकडून शत्रूचं प्रचंड सैन्य आलं की त्याचे पूर्वज घोडे वळवून पळायला लागत, शत्रू चेकाळून मागे धावे, रांग मोडे, आणि मग हे गर्रकन मागे वळत. मी म्हटलं, “अरे, हा तर आमचा गनिमी कावा!” तो म्हणाला, तुमच्याकडे नुसते डोंगर, लपायला काय लागतं? आमच्याकडे गवत घोट्याएवढं, तिथे हे करून दाखवा. मी भडकले. दोन दिवस मी त्याला माझ्या डब्यातलं काही दिलं नाही. पळून जाण्यात कोणाचे पूर्वज जास्त पटाईत होते, यावर दोन सुशिक्षित माणसं इतकी तावातावाने भांडू शकतात हे बघून शेजारच्या जपानी मुलीने कानांत इअरफोन घातले.

मग एके दिवशी तो भांडला नाही. मी विचारलं तेव्हा त्याने लॅपटॉपवर एक सिनेमा काढला. त्यांच्याकडचा मोठा इतिहासपट. काही वर्षांपूर्वी त्याच्या गावाजवळच्या माळावर त्याचं चित्रीकरण झालं होतं, आणि लढाईसाठी स्वार हवेत म्हणून आसपासच्या गावांतून आपापले घोडे घेऊन माणसं आली होती. त्याचे वडीलही आपला करडा घोडा घेऊन गेले. सगळा उन्हाळा त्यांनी चिलखत घालून काढला. सिनेमात ते दिसतात सात सेकंद. लढाईला निघालेल्या सैन्याची पहिली फळी, डावीकडून तिसरे. घोड्याच्या मानेवर एक हात, नजर थेट आपल्याकडे.

“मागच्या हिवाळ्यात वारले,” तो म्हणाला.

मला ठाऊकच नव्हतं. आदल्या हिवाळ्यात तो चार दिवस आला नव्हता, तेव्हा आम्ही सगळ्यांनी फ्लू असेल असं ठरवून टाकलं होतं. विमानं बदलत गावी पोहोचायला तीन दिवस लागणार होते आणि त्यांच्यात माणसाला तितके दिवस ठेवत नाहीत, म्हणून तो गेलाच नव्हता. वर्ष झालं की त्यांच्याकडे मोठं जेवण घालतात, आपल्या वर्षश्राद्धासारखं, पण त्याहून दणक्यात. माणसं जमवायची, जितकी जास्त जमतील तितका गेलेल्याचा मान. त्याला निदान तेव्हा जायचं होतं. पण ज्या मोठ्या यंत्रावर प्रयोगासाठी वेळ मिळावी म्हणून वर्षभर आधी अर्ज करावा लागतो, त्या यंत्राची वेळ नेमकी त्याच आठवड्यात आली. ती सोडली तर पीएचडी एक वर्ष लांबणार. आईने फोनवर सांगितलं, तू तिथेच माणसं जमव, त्यांना खायला घाल, आणि तुझे वडील दाखव त्यांना.

“या शहरात ते कोणालाच माहीत नाहीत,” तो म्हणाला. “सात सेकंद का होईना, लोकांनी त्यांना नीट बघावं.”

एवढंच त्याला हवं होतं. मी लगेच कामाला लागले. कोणाच्या उपयोगी पडायची संधी आली की मी समोरच्याला विचारायच्या आत कामाला लागते, हा माझा जुना आजार आहे.

आमच्या वस्तीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. वॉर्डाच्या सार्वजनिक सभागृहात दर शनिवारी दुपारी त्या चहाचा कार्यक्रम करत. किनाऱ्यावरची गावं त्सुनामीत गेल्यावर तिथली माणसं आमच्या भागातल्या नव्या इमारतींत राहायला आली होती, बहुतेक म्हातारी, त्यांच्यासाठी हा कार्यक्रम. गाणी, कागदाचे पक्षी, खुर्चीत बसून करायचे व्यायाम यांना ती मंडळी कंटाळली होती. मी घोड्यांचा सिनेमा म्हटल्यावर बाईंचा चेहरा उजळला. अडचण एकच होती, सिनेमा कझाक भाषेत आणि खाली अक्षरं रशियन. तर बाई म्हणाल्या, त्यात काय, पूर्वी मूकपट असताना आमच्याकडे पडद्याशेजारी उभं राहून सगळी गोष्ट बोलून दाखवणारा माणूस असे, त्याला बेनशी म्हणत. लोक सिनेमापेक्षा त्यालाच बघायला यायचे. “तुम्ही व्हा ना बेनशी.”

झालं! मला आणखी काय हवं होतं? शाळेत मी कीर्तनकाराची नक्कल करून बक्षीस मिळवलेली बाई. सरदाराने सगळे संवाद इंग्रजीत लिहून दिले आणि मी ते रोज थोडे थोडे जपानीत केले, अर्थात देवनागरीत लिहून. बाई म्हणाल्या, “आधी एकदा मला वाचून दाखवाल का?” मी हात हलवून म्हटलं, कशाला त्रास घेता, मला येतं. हे वाक्य मी पुढे कित्येक वर्षं आठवून आठवून लाजले आहे.

त्या शनिवारी चाळीसेक माणसं आली. नवऱ्याकडे लॅपटॉप आणि प्रोजेक्टर सोपवला. सरदार सकाळपासून सभागृहाच्या स्वयंपाकघरात त्यांच्याकडचे कणकेचे गोळे तळत होता, आपल्या शंकरपाळ्यांनी गाल फुगवले तर जसे दिसतील तसे. बाई त्याच्या मदतीला आत होत्या. ठरलं असं की दोघं आतलं आवरतील आणि वडिलांचा प्रसंग आला की बाहेर येतील. तिथे म्हणायचं एक वाक्य त्याने मला मुद्दाम निराळं सांगितलं होतं: “पहिल्या फळीत, डावीकडून तिसरे, करड्या घोड्यावर आहेत ते माझ्या मित्राचे वडील. आपल्या माणसांना वाचवायला ते सगळ्यांत पुढे निघाले आहेत.” वर्षश्राद्धाचं कोणाला सांगायचं नाही, असंही त्याने बजावलं होतं. म्हाताऱ्या माणसांनी आपलं दुःख विसरायला यावं आणि आपण त्यांच्यापुढे नवीन वाढून ठेवावं, हे त्याला बरं वाटत नव्हतं.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर माळ, वारा, लोकरीचे गोल तंबू. पूर्वेकडून धुळीचा लोट. तंबू पेटले, बायका-पोरं धावली, मी आवाज कापरा केला, सभागृह स्तब्ध. मी मनात म्हटलं, जमतंय.

मग नायकाची आई त्याच्या कमरेला पट्टा बांधते आणि म्हणते, निघ बाळा, तुझ्या बापाची तलवार घेऊन निघ. मी गळा दाटून आणून म्हटलं, “निगेनासाई, बाळा. बापाची तलवार घेऊन निगेनासाई.” मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. खोकला असेल म्हणून मी सोडून दिलं.

पुढे तीन टोळ्यांचे तीन म्हातारे भांडत बसलेले असतात. नेतृत्व कोणी करायचं, कोणाचे घोडे जास्त, कोणाच्या आजोबाने कोणाची मेंढरं पळवली. (हे बघताना मला आमच्या मराठी मंडळाची गणपतीची मीटिंग आठवली, पण ते असो.) शेवटी एक आजीबाई उठते, डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडते आणि त्यांच्यामध्ये टाकते. तो रुमाल ओलांडून त्यांच्यात कोणी भांडत नाही. तिघे म्हातारे मान खाली घालतात, एकमेकांचे हात धरतात आणि शपथ घेतात. मी छाती फुगवून तिघांच्या तीन आवाजांत जाहीर केलं, “उद्या पहाटे आपण सगळे एकजुटीने निगेमाश्यो!”

आता मात्र उघड हसू फुटलं. एक आजोबा मांडीवर थाप मारून म्हणाले, “न्दा, न्दा!” तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ ‘हो तर, अगदी बरोबर’. मला वाटलं, प्रसंगात जो बारीक विनोद आहे तो मी बरोबर पोहोचवला. मी आणखी जोर लावला. नायक टेकडीवर घोडा उभा करतो, भाला आकाशाकडे रोखतो, मागे हजार स्वार. मी दोन्ही हात वर करून सभागृहाच्या भिंती हादरतील अशी गर्जना केली, “निगेरोऽऽ!”

लोक खुर्चीत वाकून हसत होते. दोन आजी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे पुसत होत्या. नवरा लॅपटॉपमागून हळूच म्हणाला, “अगं, काय फॉर्मात आहेस तू! हाऊसफुल्ल चालेल हे.”

“गप, पुढचा सीन महत्त्वाचा आहे,” मी म्हटलं. पण आतून मी सातव्या आसमानात होते.

स्वयंपाकघराचं दार उघडून सरदार आणि बाई बाहेर आले आणि भिंतीशी उभे राहिले. त्याने हात धुतले होते, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. पडद्यावर पहिली फळी आली. करडा घोडा. मानेवर हात. मी आवाज खाली आणला, आणि ठरलेलं वाक्य ठरल्याप्रमाणे म्हटलं. माझ्या मित्राचे वडील. आपल्या माणसांना वाचवायला, सगळ्यांत पुढे, निगेते इमास.

सभागृह फुटलं. इतकं हसू त्या खोलीने त्या वर्षात ऐकलं नसेल.

सरदार चालत आला आणि त्याने लॅपटॉपची कळ दाबली. चित्र थांबलं. वडील पडद्यावरच राहिले, आमच्याकडे बघत. तो मला इंग्रजीत म्हणाला, अगदी हळू, “माझे वडील पळून जात आहेत असं तू का सांगितलंस?”

“मी? मी म्हटलं, निघाले आहेत!”

“निगेरु म्हणजे पळून जाणं. जीव घेऊन पळणं. परदेशी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी जो कागद देतात, त्यावर आठ भाषांत लिहिलं आहे.”

तो कागद माझ्याकडेही होता. फ्रिजवर, चुंबकाखाली, चार वर्षं. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी अत्यंत सभ्यपणे मान किंचित खाली केली, आणि मला कळलं की ते खरं आहे. एका क्षणात सगळं उलगडत गेलं. चार वर्षं मी प्रोफेसरांना सांगत होते की आज मी जरा लवकर पळ काढते. शेजारणीचा चहा पिऊन पळ काढते. आणि आज चाळीस माणसांपुढे मी एका आईला सांगायला लावलं, बापाची तलवार घे आणि पळ बाळा. तीन टोळ्यांच्या म्हाताऱ्यांना शपथ घ्यायला लावली की उद्या पहाटे आपण एकजुटीने पळू. एरवी मी स्वतःच लोळून हसले असते. पण ज्या माणसाच्या वर्षश्राद्धाला त्याच्या लेकाने माणसं जमवली, तळण तळलं, गळ्यापर्यंत बटणं लावली, त्या माणसावर मी सगळ्यांना हसवलं होतं. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. रडायलाही तोंड नव्हतं.

मग मी जे सांगायचं नाही म्हणून ठरलं होतं तेच सांगून बसले. मोडक्या जपानीत, चुकत, थांबत. हे माझं चुकलं, हा शब्द मी चुकीचा शिकले. हे पळत नाहीत, लढायला चालले आहेत. हे गेल्या वर्षी वारले. आज त्यांच्यासाठी जेवण आहे. सरदाराने मला थांबवलं नाही, तो खाली बघत होता. हसणं केव्हाच थांबलं होतं. लोक खुर्च्यांत ताठ बसले होते आणि त्यांचे चेहरे बघवत नव्हते.

पहिल्या रांगेत एक आजी होत्या, जांभळ्या स्वेटरमधल्या. किनाऱ्यावर त्यांचं कालवांचं काम होतं, आता तिसऱ्या मजल्यावर खिडकीतल्या कुंड्यांत मुळे लावत, एवढं मला माहीत होतं. त्या खुर्चीचा हात धरून उठल्या आणि सरदारापुढे कमरेत वाकल्या.

“मी हसले,” त्या म्हणाल्या. “माफ कर. पण का हसले ते सांगते. त्या दिवशी माझा नवरा माझ्याबरोबर टेकडीपर्यंत आला होता. मग शेजारची म्हातारी खाली राहिली म्हणून परत उतरला. मी वरून हाच शब्द ओरडत होते. निगेरो, निगेरो. घसा बसेपर्यंत. तो नेहमीच कमी ऐकायचा. आज ही बाई ओरडली आणि एवढी मोठी माणसं, तलवारी घेतलेली, घोड्यांवर बसलेली, मुकाट्याने पळायला तयार झाली. तुझे वडील तर सगळ्यांच्या पुढे. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, हा बघ, हा ऐकतो.”

बाईंनी सावकाश, सोप्या जपानीत सगळं त्याला पुन्हा सांगितलं, आणि जिथे अडलं तिथे मी इंग्रजीत. मग तो माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, “मागे घे.”

सात सेकंद पुन्हा लागले. या वेळी मी बोलले नाही. सरदार पडद्याशेजारी माझ्या जागी येऊन उभा राहिला, बोटाने करडा घोडा दाखवला आणि म्हणाला, “वाताशी नो चिची देस.” हे माझे वडील. त्याने जपानीत जाहीरपणे म्हटलेलं मी ऐकलेलं पहिलं वाक्य. चाळीस माणसं बसल्या जागी वाकली, हात गुडघ्यांवर, डोकी खाली, आणि ती वर यायच्या आत सात सेकंद संपले. नवऱ्याने ते न सांगता पुन्हा मागे घेतले.

“पुढे काय होतं त्यांचं?” आजींनी विचारलं. “परत येतात का?”

“सिनेमात येतात,” तो म्हणाला.

“मग लावा पुढे.”

पुढची लढाई मी एरवी घसा ताणून सांगितली असती. आता माझ्या वहीतलं कुठलं पान खरं नि कुठलं खोटं हेच मला कळत नव्हतं, म्हणून मी वही मिटली. गरजही नव्हती. कोरड्या तळ्याच्या काठावर शत्रू समोर येतो, आणि नायकाच्या एका इशाऱ्यासरशी हजार स्वार घोडे फिरवून पळत सुटतात. हे मात्र खरंखुरं पळणं होतं. मागच्या रांगेतले मांडीवर थाप मारणारे आजोबा पुटपुटले, “निगेरो.” शेजारच्यांनी उचललं. मग सगळेच म्हणायला लागले, कोणी हळू, कोणी मोठ्याने, पडद्यावरच्या त्या पाठींना हात हलवून. कोणी हसत नव्हतं. घोडे धुळीत दिसेनासे झाले तरी ते थांबले नाहीत.

आणि मग धुळीत ते वळले. सगळेच्या सगळे, भाले रोखून, सरळ आमच्या अंगावर. सरदाराचे वडील त्या गर्दीत आहेत एवढं नक्की, पण कुठले ते त्यालाही कधी ओळखू आलेलं नाही, त्याच्या आईलाही नाही. जांभळ्या स्वेटरमधल्या आजी पुढे झुकून एकेक चेहरा शोधत होत्या. मग त्यांनी शोधणं सोडलं आणि सगळ्यांनाच म्हणाल्या, “ओकाएरी.” बाहेर गेलेलं माणूस घरी परतलं की जपानी घरात दारातच म्हणतात तो शब्द. मागून आणखी एक आवाज आला, ओकाएरी, मग आणखी काही. हजार भालेवाले किंचाळत धावून येत होते, आणि चाळीस म्हातारी माणसं त्यांना एकेक करून म्हणत होती, आलात? या, या.

त्या शब्दाचा अर्थ सरदाराने मला विचारला नाही. तो पडद्याशेजारी उभा होता, आणि वडिलांच्या वतीने प्रत्येकापुढे वाकत होता.